मारधाडपटांतील खलनायकाचा कोणता मृत्यू तुमच्या लक्षात राहिला, आणि तो का राहिला?

आर्वीकडचा वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दसऱ्याच्या आधी एक संध्याकाळ पुस्तकाऐवजी चित्रपटासाठी राखून ठेवलेली असते. त्या संध्याकाळी चित्रपट दाखवला जात नाही, केवळ त्यावर चर्चा होते. यंदा तरुण मंडळींनी सुचवलेला विषय असा की, मारधाडीच्या चित्रपटांतील खलनायकाचा मृत्यू आपल्या मनात का रुजतो. गावाबाहेरच्या मैदानात रावण जाळायचा आणि त्याच आठवड्यात वाचनालयात हा विषय घ्यायचा, हे मला योग्य वाटले, म्हणून सूत्रसंचालनाची जबाबदारी मी स्वीकारली.

तयारी करताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. खलनायक लक्षात राहणे आणि त्याचे मरण लक्षात राहणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’तला अमरीश पुरी यांचा मोगॅम्बो आमच्या गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, त्याची खुर्ची, त्याचा पोशाख आणि खुर्चीच्या हातावर फिरणारी बोटे सगळ्यांना आठवतात, परंतु तो शेवटी कसा मेला असे मी विचारले तेव्हा चांगले जाणकार लोकही अडखळले. स्वतःच्याच बेटावरच्या क्षेपणास्त्रांच्या स्फोटात त्याचा अंत होतो. म्हणजे मरण मोठे, खर्चिक आणि आवाजी आहे, तरीही ते कोणाच्या मनात उरलेले नाही. याउलट काही मरणे अगदी साधी असतात आणि चाळीस वर्षांनंतरही माणसे पारावर बसून त्यांच्यावर वाद घालतात.

म्हणून विनंती आहे की नुसते चित्रपटाचे नाव न लिहिता, त्या मरणाची तयारी चित्रपटात आधी कोठे आणि कशी केलेली होती, तेही लिहावे. भाषेचे बंधन नाही. आपल्याकडे तेलुगू चित्रपट हिंदी आवाजात दूरचित्रवाणीवर दिवसभर चालू असतात, तेव्हा तेही चालतील.

तंबूतला जुना माणूस

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘शोले’ हेच असणार, पण गब्बरसिंगाच्या मरणाची अडचण अशी आहे की आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलेच नाही. मी तरुणपणी फिरत्या टॉकीजच्या तंबूत कामाला होतो आणि यात्रेच्या दिवसांत तो चित्रपट पुष्कळदा पडद्यावर चढवलेला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर आपल्या खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरचे हात चिरडतो आणि त्याचा जीव घेतो. चित्रपट 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पूर्वी पोलीस अधिकारी असलेल्या माणसाने कायदा हातात, खरे तर पायात, घ्यावा हे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. त्यात ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला बेड्या पडतात. आम्ही तंबूत दाखवला तो हाच शेवट.

आता तयारीचे सांगतो. ठाकूरला हात नाहीत हे प्रेक्षकापासून कितीतरी वेळ शालीखाली लपवून ठेवले आहे. ते उघड झाल्यावर या माणसाकडे सूड घेण्यासाठी काय उरले, असा प्रश्न आपोआप पडतो, आणि रामलाल बुटांना खिळे ठोकू लागला की त्याचे उत्तर मिळते. गब्बर जिवंत हाती हवा, ही अट ठाकूरने सुरुवातीलाच घातलेली आहे. जय मरतो, वीरू गब्बरला मारून टाकण्याच्या बेतात येतो, आणि तेव्हा ठाकूर त्याला जयने दिलेल्या वचनाची आठवण करून देतो. इतकी बांधणी ज्या एका क्षणासाठी केली, तो क्षण आला की जीपमधून पोलीस उतरतात. तंबूतले प्रेक्षक त्या ठिकाणी दरवेळी नाराज होत असत. एखादा शिटी वाजवणारासुद्धा तिथे गप्प बसे आणि लोक शेवट होण्याआधीच चपला शोधू लागत.

पुढे व्हिडिओ कॅसेटवर मूळ शेवट पाहायला मिळू लागला आणि गावात भांडणे सुरू झाली. ज्याने कॅसेट पाहिली तो म्हणे गब्बर मेला, ज्याने तंबूत पाहिले तो म्हणे पोलिसांनी नेला, आणि दोघेही पैज लावायला तयार असत. 2025 च्या डिसेंबरात हा मूळ शेवट अखेर भारतातल्या चित्रपटगृहांत अधिकृतपणे दाखवला गेला. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला मारण्याची वाटत नाही. मारून झाल्यावर ठाकूर रडतो, ती वाटते. सूड पूर्ण झाला आणि हातात काहीच आले नाही, हे संजीवकुमार यांनी हातांशिवाय दाखवले आहे.

वरूडची वाचक

काकाजींनी उत्तम लिहिले आहे. माझे मत मात्र ‘बाहुबली’तल्या भल्लालदेवाला आहे, आणि तुम्ही तयारीचा जो मुद्दा काढला आहे त्यावर याच्याइतके चपखल उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

2015 च्या पहिल्या भागात देवसेना साखळदंडात जखडलेली दिसते आणि ती अंगणातल्या काटक्या वेचत असते. पंचवीस वर्षे ती वेचत आहे. ती वेडी झाली असावी असे भोवतालच्या लोकांना वाटते. भल्लालदेवासाठी तर ती करमणूकच आहे. त्या काटक्या त्याच्या चितेसाठी आहेत हे ती लपवून ठेवत नाही, तरीही कोणी तिचे म्हणणे मनावर घेत नाही. आमच्याकडे कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून त्यांचे भारे बायकाच बांधतात आणि वर्षभराचे सरपण रचून ठेवतात, त्यामुळे सरपण गोळा करणारी बाई चित्रपटात बिनकामाची समजली जावी याचे मला तेव्हा हसू आले होते. 2017 च्या दुसऱ्या भागात तीच चिता पेटते आणि भल्लालदेव तिच्यावर जिवंत जळतो.

यात आणखी एक जोड आहे. दुसऱ्या भागाच्या प्रारंभी शिवगामी डोक्यावर अग्निपात्र घेऊन न थांबता चालत जाते आणि राक्षसाच्या पुतळ्याचे दहन होते. शेवटी तेच व्रत देवसेना करते. फरक एवढाच की यावेळी पुतळा नाही. दसऱ्याच्या चर्चेसाठी हे दोन प्रसंग जवळजवळ ठेवून पाहावेत, असे मी सुचवीन.

एक तक्रारही नोंदवते. ताडाची झाडे वाकवून त्यांवरून सैनिक किल्ल्यात फेकणे आणि दोघा भावंडांच्या वंशाची ती लांबलचक कुस्ती यांना दिग्दर्शकाने भरपूर वेळ दिला, आणि जिने पंचवीस वर्षे वाट पाहिली तिच्या वाट्याला शेवटी फार थोडा वेळ आला. चिता तिची होती, तर पडदाही थोडा अधिक तिचा असायला हवा होता.

तात्याचा भाचा

मराठीतला तात्या विंचू विसरू नका. 1993 च्या ‘झपाटलेला’मध्ये भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरेल अशी अट आहे. अटीमुळे मुलांनाही शेवटी नेमके काय पाहायचे ते आधीच कळते, त्यामुळे इतर ठिकाणी लागलेल्या गोळ्या मोजाव्या लागत नाहीत. आमच्या पिढीने बाहुलीच्या भीतीने अंथरुणात तोंड लपवले, तरी भुवयांचा नियम कोणी विसरले नाही. रामदास पाध्ये यांनी बाहुला हलवला आणि दिलीप प्रभावळकर यांनी त्याला आवाज दिला, हेही चर्चेत सांगावे.

यवतमाळचा तंत्रज्ञ

वरच्या तिन्ही उत्तरांत कथेची बाजू आली आहे. मी कारागिरीची बाजू मांडतो, कारण काही मरणे केवळ ती कशी चित्रित केली यामुळे अमर झाली आहेत.

1988 च्या ‘डाय हार्ड’मधला हान्स ग्रूबर हा याचा आदर्श नमुना आहे. ॲलन रिकमन यांचा तो पहिलाच चित्रपट होता. उंच इमारतीवरून पडण्याचे दृश्य त्यांनी स्वतः केले. त्यांना दोरीला धरून ठेवले होते आणि खाली हवेची गादी होती. ठरलेले आकडे मोजून झाल्यावर सोडण्याचे कबूल केले होते, परंतु त्यांना त्याआधीच सोडण्यात आले. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य आणि जी भीती दिसते ती त्यामुळे अभिनयाच्या पलीकडची आहे. मंद गतीने दाखवलेला तो चेहरा पाहताना, आतापर्यंत सगळे आपल्या योजनेप्रमाणे घडवणाऱ्या माणसाच्या हातून प्रथमच काहीतरी निसटले आहे, हे पटते.

गुरुजींना हवी असलेली तयारीही येथे आहे. नायकाच्या पत्नीला तिच्या कंपनीने भेट दिलेले महागडे घड्याळ चित्रपटाच्या आरंभीच दाखवले जाते, आणि पती-पत्नीमधल्या ताणाचे ते एक प्रतीक असते. शेवटी ग्रूबर खिडकीबाहेर लटकतो तो नेमका त्या घड्याळाला धरून. नायक घड्याळाचा पट्टा सोडवतो आणि खलनायक खाली जातो. बंदुकीचा बार काढून जे साधले नसते ते मनगटावरची एक कडी सोडवून साधले आहे.

दुसरे उदाहरण 1981 च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधले आहे. पेटी उघडल्यावर नाझी हस्तकाचा चेहरा वितळून जातो, ते दृश्य संगणकाविना केलेले आहे. जिलेटिनच्या थरांचा चेहरा बनवला, त्याला उष्णता दिली आणि कॅमेरा अतिशय मंद गतीने चालवला, त्यामुळे सावकाश वितळणारा चेहरा पडद्यावर क्षणात ओघळताना दिसतो. त्याच प्रसंगातल्या आणखी एका खलनायकाचे डोके फुटण्याचे दृश्य अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाला फार भीषण वाटले, म्हणून त्यावर आगीचा लोळ चढवून ते अर्धवट झाकले गेले. आज संगणकावर याच्या दसपट रक्त दाखवता येते, तरी त्या वितळत्या चेहऱ्याची सर येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जे प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर वितळले त्याला वजन असते.

नायकाने येथे काहीच केलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. तो खांबाला बांधलेला आहे आणि डोळे मिटून उभा आहे. खलनायक स्वतःच्या हव्यासाने मरतात.

आर्वीकडचा वाचक

सर्वांचे आभार. तंत्रज्ञ भाऊंच्या शेवटच्या वाक्याने मला एक उपप्रश्न सुचला आहे. खलनायक कशाने मरतो यापेक्षा तो कोणाच्या हातून मरतो याला अधिक महत्त्व आहे काय? शोलेचा शेवट बदलला गेला तो गब्बर मरतो म्हणून नव्हे, ठाकूर त्याला मारतो म्हणून. फाशीच्या तख्तावर चढवला असता तर मंडळाची कदाचित हरकत नसती.

परतवाड्याचा गाविलगडकर

गुरुजी, तुमच्या उपप्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्याही आधीचे आहे आणि ते आमच्या डोंगरातले आहे. आमच्याकडे परंपरेने असे सांगतात की भीमाने कीचकाला चिखलदऱ्याच्या दरीत फेकले आणि नंतर भीमकुंडात हात धुतले. पर्यटक तिथे छायाचित्रे काढून परत जातात, पण खलनायकाला उंचावरून खाली फेकण्याची जी रीत इंग्रजी चित्रपटांत दिसते, तिचा आमच्या दरीवरचा दावा जुना आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो.

महाभारतातला कीचकवध मारधाडपटाच्या दृष्टीनेही अचूक रचलेला आहे. सैरंध्री बनलेली द्रौपदी राजसभेत लाथ खाते आणि धर्मराज गप्प बसतो. अज्ञातवास मोडू नये म्हणून भीमालाही उघडपणे काही करता येत नाही. मग नृत्यशाळेत रात्री भेटीचा संकेत दिला जातो, काळोखात सैरंध्रीच्या जागी भीम असतो, आणि कीचकाचे हातपाय शरीरात कोंबून त्याचा नुसता मांसाचा गोळा केला जातो. ज्या वासनेने तो तेथे आला तीच त्याच्या मरणाची वाट ठरली. इतका क्रूर वध असूनही आपल्याकडच्या कीर्तनांत आणि आख्यानांत तो पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितला जातो.

आता हातांचा प्रश्न. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आणले. ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी होते. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल दिसू लागले. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचक मरतो हे तर हजारो वर्षे सर्वांना ठाऊक होते. त्या मरणाला कोणाचीच हरकत नव्हती. सरकारला टोचले ते हे की, मारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रेक्षक आपापसांत ठरवू लागले होते. 1975 सालच्या मंडळाची हरकत वेगळ्या कारणाची असली तरी बोट त्याच ठिकाणी ठेवलेले आहे.

निवृत्त हवालदार

आधी सांगून ठेवतो की मी गणवेश वापरलेला माणूस आहे, त्यामुळे हा विषय मला थोडा जवळचा आहे.

1983 च्या ‘अर्धसत्य’मध्ये सदाशिव अमरापूरकर यांच्या रामा शेट्टीचे मरण होते. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. अनंत वेलणकर हा फौजदार रामा शेट्टीचा गळा दाबून जीव घेतो. पण तो न्याय करण्यासाठी तेथे गेलेला नसतो. कोठडीत आपल्या मारहाणीने एक कैदी मेलेला आहे, नोकरी जाणार आहे, आणि त्यातून सोडवावे म्हणून तो त्याच गुंडाच्या दारात मदत मागायला गेलेला असतो. रामा शेट्टी त्याची मानहानी करतो, आणि वेलणकरच्या हातून त्याला मारले जाते. त्यानंतर तो सरळ पोलीस ठाण्यात जाऊन आपण मारल्याचे सांगतो आणि चित्रपट संपतो. पडद्यावर खलनायक मेला तरी टाळ्या वाजवण्यासाठी आपले हात उचलले जात नाहीत. म्हणूनच ते मरण मी विसरलो नाही.

त्याच्यापुढे 2011 चा ‘सिंघम’ ठेवून पाहा. प्रकाश राज यांचा जयकांत शिक्रे फारच मजेदार रंगवलेला आहे आणि आमच्या तालुक्याच्या चित्रपटगृहात त्याच्या वाक्यांना नायकापेक्षा अधिक हशा मिळाला. शेवटी सिंघम एकटा त्याच्यामागे जात नाही, तर अवघे पोलीस दल त्याच्या घरात शिरते, पळालेल्या शिक्रेला पकडून ठाण्यात गोळी घालून संपवते आणि त्याचा कागदोपत्री बंदोबस्तही करते. प्रेक्षक उभे राहून शिट्ट्या मारतात. 1975 मध्ये सेवेतून निवृत्त झालेल्या एका ठाकूरला जे करू दिले नाही, 1983 मध्ये जे केल्यावर वेलणकरने स्वतःहून गुन्हा कबूल केला, ते 2011 मध्ये सेवेतल्या सगळ्या दलाने मिळून केले आणि कोणालाच त्याचा जबाब द्यावा लागला नाही. चित्रपट म्हणून ‘सिंघम’ मलाही आवडला. पण त्याच्या शेवटाला टाळ्या वाजवताना आपण किती लांब आलो आहोत, याची चर्चा तुमच्या वाचनालयात अवश्य व्हावी. खोट्या चकमकीचे मरण पडद्यावर दोन मिनिटांत आटोपते. प्रत्यक्षात त्याचे कागद पुष्कळ वर्षे फिरत राहतात.

वरूडची वाचक

हवालदार काका, तुमचे म्हणणे पटले, परंतु एका ठिकाणी माझा विरोध आहे. देवसेनेने किंवा द्रौपदीने कोणत्या ठाण्यात जायचे होते? जेथे राजाच खलनायक आहे किंवा राजसभाच गप्प बसली आहे, तेथे कबुली कोणापुढे द्यायची? वेलणकरला कबुली देण्यासाठी एक ठाणे तरी होते.

निवृत्त हवालदार

ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी बाहुबलीची आणि सिंघमची तुलना करत नाही. सिंघम जेथे घडतो तेथे न्यायालय आहे, आणि ते बंद पडलेले असल्याचे चित्रपट आपल्याला दोन तास पटवत राहतो.

झाडीपट्टीचा कलावंत

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा भागातल्या नाटकांतून खलपात्रे करतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम असतो, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावात रात्रभर नाटक चालते आणि समोर अख्ख्या पंचक्रोशीतली माणसे बसलेली असतात. चित्रपटातल्या नटाला मरण्यापूर्वी कॅमेरा बंद होण्याचा आधार असतो. आम्हाला तो नाही. मेल्यावर पोट हलताना दिसले की पहिल्या रांगेतली पोरे ओरडून सांगतात. त्यामुळे खलपात्राचे मरण पडदा पडण्याच्या अगदी जवळ ठेवावे लागते, किंवा त्याला विंगेत नेऊन मारावे लागते आणि आवाजावर काम भागवावे लागते.

यावरून एक गोष्ट मी शिकलो आहे. मरणाआधीची शेवटची दोन वाक्ये खलपात्राने कशी म्हटली, यावर सगळे अवलंबून असते. तो शेवटपर्यंत माजात राहिला तर लोक खूष होऊन घरी जातात. एका क्षणासाठी घाबरला तर शांत होतात. आणि जर त्याने आपल्या मुलाचे नाव घेतले तर ज्या बायका रात्रभर त्याला शिव्या घालत होत्या त्यांतल्याच काही पदर डोळ्यांना लावतात. ही तिसरी तऱ्हा दिग्दर्शकाला बहुधा नको असते, कारण नायकाचे तेज कमी होते. परंतु भासाने ‘ऊरुभंग’ या संस्कृत नाटकात नेमके हेच केले आहे. मांड्या मोडलेला दुर्योधन मरताना आपल्या लहानग्या मुलाला मांडीवर घेऊ शकत नाही, आणि नाटकभर ज्याचा राग यावा त्याच्यासाठी आपण हळहळतो. रंगमंचावर मरण दाखवू नये असा संकेत मानला जात असतानाही भासाने ते दाखवले. ज्या प्रेक्षकांना खलनायकाचे मरण सोपे होऊ नये असे वाटते, त्यांनी ते जरूर वाचावे.

डिझेलवाला

एवढ्या गंभीर चर्चेत मी ट्रॅक्टर घेऊन येतो, माफ करावे. 2010 च्या ‘दबंग’मध्ये छेदी सिंग नायकाच्या दम्याच्या रुग्ण असलेल्या आईचा श्वास कोंडून जीव घेतो, आणि शेवटी चुलबुल पांडे त्याला ट्रॅक्टरच्या धुराड्यातला धूर पाजून मारतो. श्वासाच्या बदल्यात श्वास, हिशेब चोख आहे. ज्याने बंद गोठ्यात ट्रॅक्टर चालू करून पाहिला आहे त्याला ते दृश्य अतिशयोक्त वाटणार नाही. त्या धुराने काही क्षणांत डोके जड होते. बाकी सगळ्या मारामारीत विमानतळावर उडवावीत इतकी माणसे हवेत उडतात, पण हे एक मरण मात्र आमच्या वावरातले आहे.

राजुऱ्याचा प्रेक्षक

‘आरआरआर’चा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटते. 2022 च्या या चित्रपटात सुरुवातीलाच इंग्रज गव्हर्नर आपल्या शिपायाला थांबवून एका गोळीची किंमत समजावून सांगतो. ती गोळी विलायतेहून येथवर येते, ती या माणसांवर वाया घालवू नये, असे त्याचे म्हणणे असते. मग त्या गोंड बाईच्या डोक्यात लाकडाचा ओंडका घातला जातो. शेवटी तो गव्हर्नर मरतो तो इंग्रजी बंदुकीच्या गोळीने, आणि तिच्या किमतीची आठवण त्याला करून दिली जाते. त्याच्याच हिशेबाने त्याला मारल्यामुळे नायकांना वेगळे भाषण करावे लागत नाही.

परंतु आमच्या सीमेवरच्या लोकांना या चित्रपटाबद्दल एक वेगळीच गोष्ट जाणवते. खरा कोमराम भीम पलीकडच्या आसिफाबाद भागातला होता. तो जल, जंगल, जमीन यांसाठी निजामाच्या राजवटीशी लढला आणि 1940 मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. इंग्रज गव्हर्नरला मारण्याचा प्रसंग पूर्णपणे कल्पित आहे. इतिहासात ज्याला गोळी लागली त्याच्या हाती चित्रपटाने बंदूक दिली. मला ते आवडले, पण पडद्यावरचा शेवट पाहून जी मुले भीम जिंकला असे समजतात त्यांना जोडेघाटचे सांगावे लागते.

आर्वीकडचा वाचक

इतके साहित्य एका संध्याकाळीत मावणार नाही, म्हणून मी असे ठरवले आहे. आरंभी देवसेनेच्या काटक्या आणि ग्रूबरचे घड्याळ यांवरून मरणाची तयारी कशी केली जाते हे थोडक्यात सांगावे. मुख्य वेळ ‘कीचकवध’ नाटकावरची बंदी, शोलेचे दोन शेवट, वेलणकर आणि सिंघम या क्रमाला द्यावा. हवालदार काकांना आणि वरूडच्या ताईंना समोरासमोर बसवता आले तर फारच उत्तम होईल, दोघांनीही येण्याचे जमते का ते कळवावे. झाडीपट्टीच्या कलावंतांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होत असल्याने त्यांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे. खलपात्राची तिन्ही मरणे त्यांनी करून दाखवावीत, विंगेची सोय आम्ही पुस्तकांच्या कपाटामागे करू.

झाडीपट्टीचा कलावंत

येतो. पण पहिल्या रांगेत पोरे बसवू नका.